मुंबईचा कर आणि हमीचं काम



आज आपण एका कराची गोष्ट ऐकणार आहोत. कर म्हटलं की आपल्याला घरपट्टी आठवते, पाणीपट्टी आठवते. हा कर मात्र आपल्यापैकी बहुतेकींनी कधी भरलेला नाही. त्याचं नाव व्यवसाय कर. तुमचा मुलगा, जावई किंवा भाचा पुण्या-मुंबईत चांगल्या पगारावर असेल तर त्याला विचारा. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये त्याच्या पगारातून कापले जातात. कशासाठी, असं विचारलंत तर तो म्हणेल, "असेल सरकारचं काहीतरी."

हा कर राज्याने १९७५ साली लावला तो खेड्यातल्या माणसाला काम देण्यासाठी. कमावत्या माणसाने भरायचा आणि गावात हाताला काम नसलेल्याने त्यातून मजुरी कमवायची, अशी ती व्यवस्था. आपण जिला रोजगार हमी म्हणतो, किंवा नुसतंच "हमीचं काम", तिचा पैसा असा उभा राहिला.

हे सांगायचं कारण असं. आमच्या गटांच्या बैठकीत हमीच्या कामाचा विषय निघाला की एखादी तरी बाई दबक्या आवाजात म्हणते, "सरकारनं दिलं तर घ्यायचं, आपण कोण मागणार?" आणि सुट्टीला गावी आलेला एखादा नातेवाईक ऐकवून जातो, "आमच्या पैशावर चाललंय तुमचं." या दोघांनाही उत्तर द्यायचं तर मागचा इतिहास ठाऊक हवा.

मुंबई राज्यात राहिली म्हणून

गोष्ट थोडी मागून सुरू करू. स्वातंत्र्यानंतर भाषेप्रमाणे राज्यं करायची ठरली, तेव्हा मुंबई कुणाची हा वाद पेटला. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवावी, दिल्लीने तिचा कारभार बघावा, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली. त्यात पुढारी, लेखक, संपादक होतेच, पण रस्त्यावर उतरले ते लालबाग-परळचे गिरणी कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली. त्या जागेला आज हुतात्मा चौक म्हणतात. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि मुंबई त्याची राजधानी झाली.

हे गिरणी कामगार मूळचे कोण होते? कोकणातले, साताऱ्याकडचे, कोल्हापूर-सांगलीकडचे. त्यांच्या बायका गावीच होत्या. शेत राखत होत्या, सासू-सासऱ्यांचं करत होत्या आणि महिन्याकाठी येणाऱ्या मनीऑर्डरीची वाट बघत होत्या. गिरणगावातले शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे डफ घेऊन गावोगाव फिरले, आणि मुंबईचा लढा खेड्यातल्या माणसाला आपला वाटू लागला.

हमीच्या कामाच्या गोष्टीत हे कशाला, असं तुम्ही विचाराल. मुंबई म्हणजे गिरण्या, गोदी, बँका, कचेऱ्या. राज्यात पगार वाटला जातो त्यातला मोठा भाग मुंबईत वाटला जातो. पुढे व्यवसाय कर लागला तेव्हा त्याची मोठी रक्कमही तिथूनच आली. १९६० ला मुंबई आपल्याकडे नसती, तर हा पैसा आपल्या दुष्काळी तालुक्यांना मिळाला नसता. शहरातल्या साध्या कामगारांनी अंगावर गोळ्या झेलून एका राज्याची हद्द ठरवली, आणि पंधरा वर्षांनी त्याचं फळ खेड्यातल्या मजुराच्या हातात पडलं.

बहात्तरचा दुष्काळ

आता येऊ दुष्काळाकडे. आमच्या माणदेशात आजही कुणाचं वय विचारलं तर आज्या सांगतात, "बहात्तरच्या दुष्काळात मी इतक्या वर्षांची होते." १९७० पासून पावसाने ओढ दिली होती. १९७२ ला तो जवळजवळ आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली, नाहीतर कवडीमोलाने विकली गेली.

सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते करायचे, नाल्यांना बांध घालायचे, पाझर तलाव खोदायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या होती ५ कोटी. म्हणजे दर दहा माणसांतला एक जण दुष्काळी कामावर होता. मोठ्या घरच्या बायकाही, ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता, त्या डोक्यावर पदर आणि पदरावर पाटी घेऊन कामाला आल्या. आमच्या गटांतल्या सत्तरीपुढच्या बाया सांगतात, पोट भरायला परदेशातून आलेला लाल मिलो होता आणि कामावर पोरांना सुकडी मिळायची. "मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण तिनंच जगवलं," असं त्या म्हणतात.

ज्यांना गावात काम मिळालं नाही ते शहराकडे निघाले. मुंबईच्या फुटपाथवर, पुलांखाली दुष्काळी भागातली कुटुंबं दिसू लागली. गावातला दुष्काळ आता शहराच्या दारात येऊन बसला होता.

लाटणं आणि थाळी

तो शहराच्या स्वयंपाकघरातही शिरला. धान्य नाही, तेल नाही, रेशनच्या रांगा संपत नाहीत, अशी वेळ आली. १९७२ साली मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट. पक्षांचं एरवी पटत नव्हतं, पण चूल सगळ्यांचीच विझायला आली होती. हातात लाटणं घेऊन हजारो बायका मोर्चात आल्या. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. मंत्र्यांना घेराव घातले गेले.

या दोघीही मुंबई महापालिकेत नगरसेविका होत्या. मृणालताई गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी लढून पुढे आल्या, म्हणून लोक त्यांना "पाणीवाली बाई" म्हणत. १९७२ ला त्या विधानसभेत गेल्या. गल्लीतल्या नळापासून सुरू झालेलं काम पुढे राज्याच्या धान्याच्या धोरणावर बोट ठेवण्यापर्यंत पोचलं. आपल्या गटातली एखादी बाई ग्रामपंचायतीत निवडून गेली की लोक विचारतात, "नळाचं बघ, मोठ्या गोष्टीत कशाला पडतेस?" त्यांना ही गोष्ट सांगा.

त्याच दिवसांत दुष्काळी कामांवरही मोर्चे निघत होते. मजुरी वेळेवर द्या, काम बंद करू नका, पाणी द्या, सावली द्या, अशा मागण्या होत्या. एका दुष्काळाने शहरातली आणि गावातली बाई अशा दोघींनाही रस्त्यावर आणलं. दोघींचा दबाव एकाच सरकारवर पडत होता.

विसापूरची कल्पना

दुष्काळ पडला की काम काढायचं आणि पाऊस पडला की बंद करायचं, ही इंग्रजांच्या काळापासूनची रीत. ती पुरेशी नाही, हे आधीच ओळखणारा एक माणूस होता. वि. स. पागे. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: खेड्यातला मजूर आळशी नाही, त्याला वर्षभर काम नाही. त्याने काम मागितलं तर ते देणं सरकारचं कर्तव्य आहे, आणि ते काम असं हवं की त्यातून माती टिकेल, पाणी मुरेल. १९६५ च्या सुमारास त्यांनी विसापूरच्या भागात याचा छोटा प्रयोग केला. पुढे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, १९७२ साली, ती राज्याची योजना म्हणून जाहीर झाली. तेवढ्यात मोठा दुष्काळ आला आणि सगळी ताकद दुष्काळी कामांवर गेली. दुष्काळ ओसरल्यावर योजनेने खरा जोर धरला.

पण प्रश्न होता पैशाचा. एका वर्षाचं काम असतं तर कुठूनतरी भागवता आलं असतं. हमी द्यायची म्हणजे दरवर्षीचा खर्च. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला.

आता या कराबद्दलची एक गोष्ट नीट ऐका. आपल्या राज्यघटनेत लिहिलं आहे की असा कर राज्याला लावता येतो, तसाच तो नगरपालिका किंवा जिल्ह्याच्या संस्थेसाठीही लावता येतो. म्हणजे मुंबईकरांकडून घेतलेला हा पैसा मुंबईच्याच गटारांवर आणि रस्त्यांवर खर्च करता आला असता. त्याऐवजी तो रोजगार हमीच्या वेगळ्या निधीत घालायचं ठरलं. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून त्यात घालायची, असंही ठरलं. शिवाय विक्रीकरावर आणि गाड्यांच्या करावर थोडा जादा भार टाकला, शहरातल्या राहत्या घरांखेरीज इतर जागा-इमारतींवर कर बसवला, आणि गावातल्या बागायतदारांच्या ओलिताच्या जमिनीवरही आकारणी केली. म्हणजे भार एकट्या शहरावर नव्हता. ज्याच्याकडे पाणी आहे त्यानेही कोरडवाहू माणसासाठी थोडं द्यायचं होतं.

शहराने हे मान्य का केलं? आम्हाला त्याची दोन कारणं दिसतात. एक म्हणजे शहराचा स्वार्थ. गावात काम मिळालं तर माणसं फुटपाथवर येणार नाहीत, हा हिशेब उघड होता. त्यात वाईट काही नाही, स्वार्थाच्या पायावरही चांगली भिंत उभी राहते. दुसरं म्हणजे नातं. पगार घेणाऱ्या कित्येकांची म्हातारी आई तेव्हा गावीच होती.

उपकार नाही, कायदा

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मुंबई, पुणे, नागपूरच्या आमदारांचाही त्याला पाठिंबा होता. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजना सुरू होऊन कायदा लागू होईपर्यंत मुख्यमंत्री बदलले, सत्तेतले पक्षही बदलले, पण कुणी ती मोडली नाही.

कायद्यात काय होतं? ग्रामीण भागातल्या १८ वर्षांवरच्या कुणीही अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांच्या आत ते द्यायचं. देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. हा भत्ता दिवसाला निदान १ रुपया, म्हणजे नावापुरताच होता. पण सरकारने वेळेत काम दिलं नाही तर सरकार देणं लागतं, ही गोष्ट त्या एका रुपयात लिहिली गेली. त्याआधी देशात दुसऱ्या कुठल्याही राज्यात असा हक्क कायद्यात आलेला नव्हता.

पुढे २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव समोर होता. पंधरा दिवसांत काम आणि न दिल्यास भत्ता, हे आपल्याकडचंच. एक फरक होता. केंद्राची हमी एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नव्हता, एकेका माणसाचा होता. बाईच्या दृष्टीने हे फार मोलाचं होतं. नवऱ्याने दिवस संपवले म्हणून तिचे संपत नव्हते.

बायांनी ही योजना उचलून धरली

कागदावर कुठेही "ही बायकांची योजना" असं लिहिलेलं नव्हतं. तरीही कामावर बाया मोठ्या संख्येने आल्या, कित्येक ठिकाणी निम्म्याच्या आसपास. याची कारणं तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहेत. काम गावाजवळ होतं. ठेकेदार नव्हता. मोजमापावर मजुरी, म्हणून बाई-पुरुष दर एकच. शेतमालकाच्या बांधावर बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळत होती, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. टाकलेली बाई, विधवा, भावाच्या आश्रयाला आलेली बहीण, यांना कुणापुढे हात न पसरता दोन घास मिळाले. आणि गावात हमीचं काम चालू असलं की बागायतदारालाही मजुरी वाढवावी लागायची, कारण बाई म्हणायची, "नाहीतर मी हमीवर जाते."

सगळं गोड नव्हतं. झाडाखाली पाळणाघर असायला हवं होतं, ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. धाकट्याला सांभाळायला थोरलीची शाळा सुटली. मजुरी आठवडे-आठवडे अडकायची. हजेरीपटावर खोटी नावं चढायची. पन्नास मजूर जमल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही, मग लहान वस्तीवरच्या बायांनी काय करायचं? १९९० पासून हमीतून फळबागा लावायला सुरुवात झाली. डाळिंब, आंबा, चिकूने कोरडवाहू रानं हिरवी केली, हे खरं. पण खड्डे खोदले बायांनी आणि बाग झाली ती सातबारावर ज्याचं नाव त्याची. सातबारावर बाईचं नाव किती घरांत असतं, हे आपण जाणतोच.

आणखी एक गोष्ट घडली, ती सर्वांत जास्त विचार करायला लावणारी आहे. काही वर्षांनी शहरातून कर वाढत्या रकमेने जमा होत राहिला, पण हमीच्या कामांवरचा खर्च त्या मानाने वाढला नाही. पैसा आपल्या नावाने गोळा होत होता आणि बराचसा आपल्यापर्यंत पोचत नव्हता. कारण या कायद्याची किल्ली मागणीत आहे. लेखी मागणी नसली की "काम नको आहे" असा अर्थ काढला जातो. मग गावातून बाई मुकादमाच्या मागे ऊस तोडायला जाते, आणि कागद सांगतो की गावात कामाची गरजच नव्हती.

हिशेब दोन्ही बाजूंचा

आता त्या नातेवाइकाच्या टोमण्याकडे येऊ. "आमच्या पैशावर चाललंय तुमचं." त्याला शांतपणे सांगायचं, बाबा, तू कर भरतोस, त्याबद्दल तुझा मान आहे. पण हिशेब पुरा मांड. मुंबईच्या नळाला येणारं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून येतं. त्या धरणांच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. शहराची भाजी, दूध, धान्य गावातून जातं. शहरातल्या इमारतींवर विटा वाहणारे हात गावचेच. हमीच्या कामातून झालेल्या पाझर तलावाने पाणी मुरवलं, त्यावर पिकलेलं धान्य शहराच्या ताटातही गेलं.

शहरातला करदाता आणि गावातली मजूर बाई एकमेकांना ओळखत नाहीत. पण या कायद्याने दोघांना एका खातेवहीत आणून ठेवलं. एका बाजूला शहराने आपला वाटा भरायचा आणि दुसऱ्या बाजूला गावाने आपला हक्क मागायचा. पहिली बाजू पगारातून आपोआप कापली जाते, तिला विसरायची सोय नाही. दुसरी बाजू मात्र आपण मागितल्याशिवाय भरत नाही. राज्याचा कारभार मंत्रालयात बसून चालतो असं आपल्याला वाटतं. या गोष्टीत तो गिरणगावच्या रस्त्यावर, लाटण्याच्या मोर्चात, विसापूरच्या रानात आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या घोळक्यात घडत गेला.

गेल्या काही वर्षांत योजनेची नावं आणि नियम बदलत आले आहेत, पुढेही बदलतील. म्हणून चालू नियम काय आहेत ते पंचायत समितीत जाऊन विचारून घ्या. पण नियम कुठलेही असले तरी चार गोष्टी कायम ठेवा. काम तोंडी मागू नका, लेखी मागा. अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकटीने जाऊ नका, गटाने जा. आणि ग्रामसभेत आपल्या गावाला कुठलं काम हवं आहे ते आपणच सांगा, नाहीतर दुसरं कुणीतरी रस्ताच सांगेल.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावात हमीतून झालेला सर्वांत जुना बांध किंवा तलाव कुठला, तो कुणी खोदला, त्या बायांपैकी आज कोण हयात आहेत, हे शोधा. त्या आज्यांना बैठकीला बोलवा आणि त्यांच्या तोंडून ऐका. त्यांची नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा, कारण तलावाच्या पाटीवर ती कुणी लिहिलेली नाहीत.